कान बसायला वेळ लागतो

पहिला घेतला तो कीबोर्ड.
एकसष्ट पट्ट्या, दोनशे आवाज,
खोक्यावर सूट घालून हसणारा गोरा माणूस.
नवी पेठेत हत्तुरे म्हणाले,
"घे की ओ येमुल, एका लग्नसराईत पैसे फिटतेत."

दोनशेतले एकशे ऐंशी आवाज
एकाच माणसाला वेगवेगळी सर्दी झाल्यासारखे.
विडी घरकुलात एका हळदीला
मी डोळे मिटून सनई लावली,
तर नवऱ्याचा मामा ओरडला,
"कुणाचा मोबाइल वाजायलाय बे, उचला की!"

परत गेलो. हत्तुरे टॉवेलानं काउंटर पुसत होते,
आमच्याच मागावरचा टॉवेल, मी काठ ओळखला.
म्हणाले, "मशीन चांगलंय. कान बसायला वेळ लागतो."

बसवले कान.
मग पेडल घेतलं.
ते शहाबादी फरशीवर पुढं पळायचं
आणि मी स्टुलावरून सरकत त्याच्या मागं,
गाणं संपेपर्यंत दोघं दारात.
मग अ‍ॅम्प,
दुपारी व्होल्टेज उतरलं की
दम्याच्या माणसासारखा जिन्यात थांबणारा.
मग हेडफोन.
त्याच्या डाव्या कानात मी होतो,
उजव्या कानात कुणीच नव्हतं.

तरी माइक घेतला.
अकरा हजार, सहा हप्ते,
पुण्याहून फोममध्ये निजून आला
एखाद्या इंजेक्शनसारखा.
दारं लावली, खिडकीला दोन चादरी टांगल्या,
पंखा बंद. एप्रिल. त्रेचाळीस.
घामानं चष्मा घसरत होता आणि मी गायलो.

माइकनं सगळं घेतलं.
शेजारच्या सत्यम्माचा कुकर,
खालून गेलेला भंगारवाला,
माझ्या गिळण्याचा आवाज,
आणि या सगळ्याच्या खाली, भिंतीपलीकडून,
चार माग.
खटाक् खटाक्, खटाक् खटाक्,
माझा षड्ज त्यात कुठं तरी,
फणीत अडकलेल्या धाग्यासारखा.

मी कपाळाला हात लावून बसलो होतो
तेव्हा नायना पाणी प्यायला आत आला.
चाळीस वर्षं चार मागांच्या मध्ये उभा तो.
कानठळ्या बसल्या त्या बसल्याच,
उजवा कान पूर्ण गेला,
डाव्यात थोडी धुगधुगी.
त्याला हाक मारायची तर
आम्ही रिकामी कांडी फेकतो खांद्यावर.

"केवढ्याला?" त्यानं बोटांनी विचारलं.
मी बोटांनीच खोटं सांगितलं.
मग काय वाटलं कोण जाणे,
हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला
आणि आवाज होता तेवढा वाढवला.

तो उभाच राहिला, तांब्या हातात तसाच.
पापणी नाही, काही नाही.
माझं गाणं त्याला ऐकू आलं का
ते मला आजही माहीत नाही.
एक कडवं, दोन कडवी.
मग भुवई आत गेली
आणि तो शेडमध्ये बोलतो तसा, मोठ्यानं,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला,
"तिसऱ्याचा पिकर गेलाय!"

गेला होता.
चामडं भोकापाशी फाटून मऊ झालेलं,
धोटा अर्धवट ताकदीनं जायचा,
पंधरा दिवस टॉवेलाचा काठ बिघडत होता
आणि आम्ही सुताला शिव्या देत होतो.

ऐंशी रुपयांचा पिकर.
आमच्या घरात पैसे देऊन आलेली
ही एकच वस्तू, जिनं
सांगितलं तेवढं केलं.

आता महिन्याकाठी एकदा तो मला बोलावतो.
मी माइक धरून मागापुढं उभा राहतो,
आणि तो डोळे मिटून, मान जराशी डावीकडं,
हप्ते अजून दोन राहिलेत.

काल हत्तुरेंचा फोन आला.
नवा माल आलाय, बिनवायरचा,
"घ्यायचं नाही ओ, बघून जा फक्त."
बघायला काय जातंय.
चप्पल घातली तेवढ्यात
खांद्यावर कांडी येऊन लागली.
शेडच्या दारात नायना, दोन बोटं वर करून:
येताना पिकर आण.